खालचा कप्पा

किडे चौथ्यांदा कात टाकायला बसले त्या दिवशी मुंगीच्या आईला आठवड्यात पहिल्यांदा पाठ टेकायची सवड मिळाली, आणि ती सवड तिने उभ्यानेच घालवली. कात टाकताना रेशमाचे किडे खात नाहीत. तेव्हा पाला घालायचा नाही, मांडणी हलवायची नाही, मोठ्याने बोलायचं नाही. एरवी दिवसातून चार वेळा तुतीचा पाला कापायचा, डोक्यावरून आणायचा आणि कप्प्याकप्प्यावर पसरायचा. त्याने तिची मान इतकी ताठली होती की कुणी हाक मारली तर ती खांद्यासकट सगळीच वळायची. आता काम नव्हतं तर तिला करमेना. ती शेडच्या दाराशी उभी राहून किड्यांकडे बघत राहिली.

शेड म्हणजे घराच्या मागच्या भिंतीला टेकून उभी केलेली पत्र्याची खोली. आत लोखंडी पाइपांच्या तीन मांडण्या, प्रत्येकीला चार कप्पे, कप्प्यांवर जुनी वर्तमानपत्रं आणि त्यांवर करंगळीच्या दोन पेरांएवढे पांढरट किडे, हजारोंनी. मांडण्यांचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे केलेले, मुंग्या चढू नयेत म्हणून.

घरातली मुंगी मात्र त्या वाट्या ओलांडून खुशाल आत यायची. सहा वर्षांची होती. जन्मली तेव्हा मुठीत मावेल एवढी होती म्हणून आजोबांनी तिला मुंगी म्हटलं. शाळेच्या दाखल्यावरचं नाव शाळेतच राहिलं. तिच्या मागे शेपटासारखा तिचा भाऊ, वय वर्षं चार. त्याचा घेर पाहून त्याला भोपळ्या म्हणायचे, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे.

"आई, बघ ना," मुंगी कुजबुजली. "सगळ्यांनी माना वर केल्यात."

खरंच केल्या होत्या. कात टाकताना किडा पुढचं अंग उचलतो आणि तसाच थांबतो, तासन् तास.

"झोपलेत ते."

"झोपताना मान वर करतं का कुणी? भोपळ्या तर तोंड उघडं टाकून झोपतो."

"मग काय करतायत म्हणतेस?"

"मागतायत. देवाजवळ."

भोपळ्याने ताबडतोब हात जोडले. देव म्हटलं की हात जोडायचे, एवढंच त्याला ठाऊक होतं; पुढचं काम देवाचं. आईला हसू आलं. ती सहज बोलून गेली, "मग त्यांना म्हणावं, आमच्यासाठीही मागा काहीतरी."

"काय मागू देत त्यांना?"

"तुझ्या बाबांना घरी राहू दे म्हणावं."

मुंगीने मान हलवली. हनुवटी खालच्या कप्प्याच्या कडेला टेकवून ती किड्यांशी हळूहळू काहीतरी बोलली, बराच वेळ बोलली, आणि मग त्यांनी ऐकलं की नाही हे बघत बसली. 

मुंगीचा बाप खडी फोडायच्या मशीनवर होता, एक दिवस एक रात्र गाडीत बसावं लागे इतका लांब. अडीच-तीन महिन्यांनी यायचा, चार दिवस राहायचा, आणि चारांपैकी दोन दिवस खोकण्यात जायचे. खडीची धूळ छातीत बसली होती. गेल्या वर्षी दोघांनी मिळून शेड उभारली, अर्ध्या वावरात तुती लावली, तेव्हा तो म्हणाला होता, तीन बॅच ओळीने साधल्या तर मी जात नाही परत. उरलेल्या वावरातही तुतीच लावू. पहिली बॅच बरी गेली, दुसरी चांगली गेली. ही तिसरी होती.

रात्रीच्या जेवणाआधी त्याचा फोन आला.

"कात टाकली का?"

"टाकतायत. उद्यापासून शेवटचं खाणं. आठ दिवसांत कोष करायला लागतील."

"शुक्रवारी येतो मी मग. कोषांसाठी जाळ्या लावायला दोघं लागतील." मग खोकला आला. तो थांबेपर्यंत तिने फोन कानापासून थोडा दूर धरला. "मुकादमाला सांगितलंय. सोमवारपर्यंत जागा ठेवतो म्हणाला. येत नसशील तर तसं कळव, दारात दहा जण उभे आहेत म्हणाला."

"कळवा मग. येत नाही म्हणून."

"कोष तर बघू दे डोळ्यांनी," तो म्हणाला, पण हसल्यासारखा म्हणाला.

*

सोमवारी किडे उठले आणि भस्म्या झाल्यासारखे खायला लागले. हवा मात्र बिघडली. आभाळ भरून आलं आणि भरल्या घागरीसारखं तसंच राहिलं. ना पडे ना हले. वाऱ्याचा पत्ता नव्हता. पत्र्याखाली इतकं कोंदट व्हायचं की पाला घालून बाहेर आलं की अंगाला चिकटलेली साडी सोलून काढल्यासारखी वेगळी करावी लागे. तिने गोणपाटं ओली करून दारा-खिडक्यांना टांगली. विळ्याने पाला कापताना घामाने मूठ सटकून डाव्या हाताचं बोट कापलं. त्यावर चिंधी बांधली, आणि ती ओली झाली की सोडून दुसरी बांधली.

मंगळवारी किडेवाला आला. बारीक किडे तोच आणून द्यायचा आणि कोषही तोच उचलायचा. त्यामुळे त्याचा रुबाब जावयासारखा. मोटरसायकल उन्हात लावणार नाही, पाणी गार असल्याशिवाय पिणार नाही. त्याने चपला काढल्या, हात धुतले, कप्प्याकप्प्यावरून नजर फिरवली आणि वरच्या कप्प्याच्या कडेने फिरणारा एक किडा चिमट्याने उचलला. फुगलेला होता, पिवळट, कांतीला नको तेवढी चमक.

"हा बघा वहिनी. सगळे मान घालून खातायत आणि हा कडेकडेने हिंडतोय. समजायचं, गेला."

ती खांद्यासकट वळून बाकीचे कप्पे बघायला लागली.

"घाबरू नका. हजारात एखादा असतोच. पण याची कातडी फुटली की आतलं दूध सांडतं, आणि ते ज्या पाल्याला लागलं तो पाला खाणारा प्रत्येक जण गेला. म्हणून दिसला की वेचायचा, डब्यात टाकायचा, लांब खड्ड्यात पुरायचा, वर चुना. पोरंबाळं आत नकोत. आणि आळस नको. नवरा घरी नसला तरी बॅच निघते, चुना नसला तर निघत नाही." आपल्या विनोदावर तो स्वतःच हसला. तीही हसली, हसावं लागतं.

त्या दिवशी तिला सात किडे सापडले. पत्र्याचा डबा हातात घेऊन ती शेडबाहेर आली तेव्हा पाल्याचा भारा कोमेजत पडला होता, चूल पेटवायची होती आणि आतून सासरे खाट वाजवत होते. मुंगी दारात उभीच होती.

"हे घे. मागच्या खड्ड्यात ओत, वरून दोन मुठी चुना टाक आणि हात धू. करशील ना नीट?"

मुंगीने डबा दोन्ही हातांनी घेतला. आत डोकावून पाहिलं. "यांना काय झालंय?"

"आजारी आहेत. जा, पळ."

मुंगी पळाली नाही. भरलेली वाटी न्यावी तशी डबा सांभाळत, एकेक पाऊल टाकत गेली. आईला बरं वाटलं. पोरगी कामाला येते आता, असं तिच्या मनात आलं.

*

सासऱ्यांना अर्धांगवायू होऊन दीड वर्ष झालं होतं. उजवं अंग गेलं, जीभ गेली. डोळे आणि डावा हात तेवढा शाबूत. काही हवं असलं की ते डाव्या हाताने खाटेच्या लाकडावर थाप मारायचे. त्यांची खाट मागच्या दाराशी होती, तिथून शेडचं दार समोर दिसे. सुरुवातीला पोरं त्यांच्या वाकड्या तोंडाला भ्यायची. तेव्हा तिनेच त्यांची अंथरुणं खाटेला लागून घातली. म्हणाली होती, आजारी माणसाला एकटं टाकू नये, आपल्या माणसांत ते लवकर बरं होतं. पोरं रोज रात्री आजोबांचा मेलेला पाय मांडीवर घेऊन चोळायची आणि दिवाळं निघालेल्या दुकानासारखा तो पाय गप्प पडून असायचा. पण गेल्या महिन्यात त्याचा अंगठा हलला. मुंगीने ही बातमी शाळेत, रस्त्यावर आणि शेजारच्या म्हशीलाही सांगितली.

बुधवारपासून म्हाताऱ्याच्या थापा वाढल्या. पाला घालून ती धावत जायची, पाण्याचा पेला तोंडाला लावायची. ते मान फिरवायचे. भांडं हवंय का? नाही. कूस बदलायची? नाही. हात शेडकडे करून घशातून आवाज काढायचे. एकदा तर पेला त्यांच्या हाताने उडाला आणि सगळं पाणी अंथरुणावर सांडलं.

"मामंजी, मला दोनच हात आहेत हो," ती ओल्या चादरीला हिसडा देत म्हणाली. "बॅच निघू दे, मग दिवसभर तुमच्यापाशी बसते. पण आता नका छळू."

त्यांनी हात खाली घेतला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ते हल्ली कशानेही यायचं.

आजारी किड्यांची संख्या मात्र चढत होती. बुधवारी वीस. गुरुवारी सकाळीच चाळीसच्या वर. चमत्कारिक गोष्ट अशी की वरचे कप्पे बरे होते. पत्र्याजवळचे, जास्त तापणारे. रोग होता तो खालच्या कप्प्यात. ती वेचायची, डबा भरायची, मुंगीच्या हातात द्यायची. मुंगी काही न बोलता घेऊन जायची. आईने दोनदा चुन्याची मात्रा वाढवली, पाला पुसून पुसून घातला. रात्री डोळा लागेना. उशाला फोन ठेवून ती पडून राहायची. नवऱ्याला सांगावं की नको? सांगितलं तर गाडीत बसल्याबसल्या त्याचा जीव टांगणीला लागेल. नाही सांगितलं.

शुक्रवारी सकाळी ती खालच्या कप्प्यासमोर पालथी झोपली. एरवी तिथे वाकूनच काम उरकायचं. भिंतीकडचा कोपरा तसा दिसतच नसे. मातीला गाल टेकवून तिने आत पाहिलं.

कोपऱ्यात वर्तमानपत्राची घडी उभी करून भिंत केली होती. भिंतीच्या अलीकडे ओळीने किडे निजवलेले. पिवळे, फुगलेले. प्रत्येकाच्या तोंडाशी तुतीचं शेंड्याचं कोवळं पान, आणि प्रत्येकाच्या अंगावर चिंधीचा एकेक तुकडा. तिच्या कापलेल्या बोटावरून सुटलेल्या चिंध्या होत्या त्या. फाडून, सारख्या करून पांघरूण घातलं होतं. कितीतरी किडे फुटले होते. दुधासारखं पाणी कागदावरून ओघळत बाहेर आलं होतं, आणि त्या ओल्या पाल्यावर चांगले किडे मान खाली घालून खात होते.

मागून कुजबुज आली.

"आई, हळू. आत्ता झोपलेत."

मुंगी उकिडवी बसली होती. शेजारी भोपळ्या, हातात दोन कोवळी पानं.

"काय आहे हे?"

"दवाखाना."

"खड्ड्यात ओत म्हणाले होते ना मी? चुना टाक म्हणाले होते ना?"

"पण ते मेले नव्हते, आई. हलत होते."

"मग इथे का आणलेस? इथेच का?"

मुंगीला हा प्रश्नच विचित्र वाटला. "तूच म्हणतेस की. आजाऱ्याला एकटं टाकू नये. आजोबांचा अंगठा नाही का हलला? यांना पण आपल्या माणसांत ठेवलं की बरं वाटेल. आणि सगळेच लागतील ना मागायला. बाबांचं."

आईचा हात वर गेला. वर गेला आणि तिथेच राहिला. मागच्या दारातून थापा सुरू झाल्या, धाडधाड. तिने वळून पाहिलं. म्हातारा मानेच्या शिरा ताणून डाव्या हाताने खालचा कोपरा दाखवत होता, मग पोरीकडे बोट करत होता, मग पुन्हा कोपरा. तीन दिवस तो हेच सांगत होता, आणि तीन दिवस ती त्याला पाणी पाजत होती.

तिने हात खाली घेतला. राग तर उसळला होता, पण काढणार कुणावर? डबा पोरीच्या हातात कुणी दिला? पोरंबाळं आत नकोत हे बजावलेलं कुणी ऐकलं होतं? आणि ते वाक्य, ते तर तिचंच होतं. तिला स्वतःचीच इतकी चीड आली की थुंकावंसं वाटलं.

"जा," ती एवढंच म्हणाली. "हात धुवा दोघं. साबणाने."

खालच्या कप्प्यांवरचं सगळं तिने कागदासकट गुंडाळून बाहेर काढलं, उरलेल्यांवर चुना धुरळला, दुपारी जेवली नाही. संध्याकाळपर्यंत मधल्या कप्प्यांच्या कडेकडेने किडे हिंडायला लागले होते.

*

नवरा दिवेलागणीला आला. खांद्यावर पिशवी, एका हातात पोरांसाठी फुगे. त्याने आधी शेड पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं, मग पिशवी खाली ठेवली. फुगे कुठे ठेवावेत ते त्याला सुचेना. ते बराच वेळ त्याच्या हातातच राहिले.

शनिवारी सकाळी किडेवाला आला. या वेळी त्याने पाणी मागितलं नाही. वरच्या कप्प्यापासून खाली बघत आला, दोन किडे चिमटून पाहिले, दोन्ही फुटले.

"सगळी काढा," तो म्हणाला. "कोष धरणार नाही एकही. आज पुरा, शेड धुऊन घ्या, दोन महिने नवी बॅच देत नाही मी." मग तो नवऱ्याकडे वळला. "मंगळवारी मी होतो इथे. मोजून पाच-सात होते. आजारी वेगळे केले असते तर काही होत नव्हतं. मी कानीकपाळी ओरडून सांगून गेलो होतो. विचारा यांना. वहिनी, पुरत होता का?"

मुंगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. एकदा आईकडे, एकदा बाबांकडे बघत होती. विचारलं असतं तर तिने सगळं सांगितलं असतं, अगदी अभिमानाने. तिच्या मते त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. या माणसाने मग ते पुढच्या दहा घरी हसत सांगितलं असतं. आणि नवरा? तो पोरीला मारणारा नव्हता. पण आयुष्यभर धुळीत उभा राहील तेव्हा प्रत्येक खोकल्याला त्याला ती आठवली असती.

"नव्हते पुरत," मुंगीची आई म्हणाली.

"म्हणजे?"

"वेचत होते. डबा तसाच ठेवत होते मांडणीखाली. उद्या पुरू, उद्या पुरू म्हणून. कंटाळा आला."

किडेवाल्याने नवऱ्याकडे असं पाहिलं की, घ्या, मी काय बोलणार. खाटेवर थापा सुरू झाल्या. म्हातारा पेटला होता. हात पोरीकडे करत होता, घशातून घोगरा आवाज काढत होता. ती झटकन आत गेली आणि त्याचा हात दोन्ही हातांत दाबून धरला.

"मामंजी, पुरे. तुमच्या पाया पडते. पुरे."

म्हाताऱ्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. हळूहळू त्याचा हात सैल पडला.

किडेवाला गेल्यावर नवरा पायरीवर बसला. तो ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"कंटाळा," तो म्हणाला. "एवढं एकच काम होतं गं." मग त्याने फोन काढला आणि मुकादमाला सोमवारी हजर होतो म्हणून सांगितलं. पलीकडून काहीतरी विनोद झाला असावा. तो "हो हो, करमत नाही तुमच्याशिवाय," असं म्हणून हसला.

*

खड्डा त्यानेच खणला. दहा कुदळी मारायच्या, खोकायचं, मग पुन्हा दहा. ती कप्प्यांवरचे कागद चार कोपरे धरून उचलून आणायची आणि ओतायची. रोगाने गेलेले काळे पडून लोंबत होते, पण वरच्या कप्प्यांतले बरेच अजून धडधाकट दिसत. दुपारपर्यंत खड्डा अर्धा भरला आणि वरचा थर हलत राहिला. नवरा चुन्याची गोणी आणायला शेडमध्ये गेला.

तेवढ्यात मुंगी कुठून आली कळलं नाही. खड्ड्याच्या काठावर ती क्षणभर थांबली आणि धपकन आत उतरली. गुडघे टेकून दोन्ही हातांनी जिवंत किडे उचलून फ्रॉकच्या ओच्यात भरायला लागली.

"आई, हे चांगले आहेत! हे बघ, मान वर करतोय! बाबांना सांग ना, हे आजारी नाहीत!"

आईने तिचं मनगट धरून तिला वर ओढलं. मुठीत पोरीचं हाड लागलं. चार दिवसांचं जागरण, पोटातली आग, नवऱ्याचं ते हसणं, सगळं तिच्या तोंडाशी आलं.

"तूच मारलंस त्यांना! कळलं? आजारी होते ते चांगल्यांत नेऊन ठेवलेस, म्हणून सगळे मेले. आजारी असेल त्याला लांब ठेवायचं असतं. लांब! जवळ गेलं की चांगलेही मरतात. आता तुझे बाबा जाणार परत, तुझ्यामुळे."

ते बोलून झाल्यावर तिला ते ऐकू आलं. ओठ चावून तिने तोंड मिटलं, पण सुटलेलं परत येत नाही.

मुंगी रडली नाही. तिने ओचा सोडला. किडे एकेक करून खाली पडले, एक फ्रॉकला चिकटून राहिला होता तो तिने बोटाने उडवला. मग ती हौदाकडे गेली आणि साबण घेऊन हात धुवायला लागली. नवऱ्याने चुना ओतला, माती लोटली. पोरगी अजून हात धूतच होती.

संध्याकाळी मुंगीने आजोबांच्या खाटेपासची अंथरुणं ओढून समोरच्या भिंतीशी नेली. भोपळ्या आपली उशी घेऊन पुन्हा खाटेकडे निघाला, तर तिने त्याला दंडाला धरून मागे आणलं. त्याने भोकाड पसरलं.

"आजोबांचा पाय चोळायचाय!"

"नाही चोळायचा. लांब झोपायचं."

"अगं राणी," आई जवळ बसून म्हणाली, "ते किड्यांचं असतं. माणसांचं तसं नसतं."

"का?"

आईने तिची उशी सारखी केली. कधी तसं असतं, कधी नसतं. हे सहा वर्षांच्या पोरीला कसं सांगायचं? मुंगीने वाट पाहिली आणि मग भिंतीकडे तोंड करून झोपली. खाटेवरून म्हातारा बघत होता. आज त्याने थाप मारली नाही.

*

रविवारी सकाळी आभाळ तसंच होतं. शेड धुऊन रिकामी पडली होती, दारं सताड उघडी. तिने नवऱ्याचा डबा बांधला, पिशवीत काढ्याची बाटली ठेवली. दोघांत कामापुरतं बोलणं झालं होतं. डबा घेतला का, घेतला. चार्जर, घेतला. निघताना त्याने तिच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होता, तोच खोकला आला. अंगणात कण्यातून वाकून तो खोकला, डोळे पुसले आणि पोरांसाठी खाली उकिडवा बसला. दोन्ही हात पसरले.

"या बघू माझ्या पलटणी."

भोपळ्या धावला. मुंगीने मागून त्याचा सदरा पकडला, इतका घट्ट की तो बसकण मारून पडला.

"जायचं नाही," ती म्हणाली.

"अगं ये की. जातोय ना मी."

"नको. तुम्ही आजारी आहात." भावाला तिने दोन्ही हातांनी मागे ओढून धरलं होतं. "जवळ आलं की चांगलेही मरतात."

नवऱ्याचे हात पसरलेलेच राहिले.

"कुणी सांगितलं तुला हे?"

"आईने."

त्याने मान वर करून बायकोकडे पाहिलं. तिने आजवर त्याचे नाना मूड पाहिले होते, पण असं बघणं पाहिलं नव्हतं. एका वाक्यात तिला सगळं निस्तरता आलं असतं. पण ते वाक्य खालच्या कप्प्यापासून सुरू होत होतं, आणि मुंगी समोरच उभी होती, भावाला घट्ट धरून, एका डोळ्याने बाबांच्या तोंडाकडे बघत.

"गाडी चुकेल," मुंगीची आई म्हणाली.

त्याने हात आवरले, पँटला पुसले. पिशवी खांद्याला अडकवून तो फाटकापर्यंत गेला आणि तिथून वळला. पोरांच्या बाजूला एक पाऊल टाकलं, मग ते परत घेतलं. "येतो रे," तो तिथूनच म्हणाला, आणि खिशातला रुमाल काढून तोंडावर धरून चालू लागला.